रविवारची चरवी

दादा,

तुमच्या पणतीला दूध पचत नाही. हे तुम्हाला कसं सांगावं याचा विचार करण्यात माझे चार दिवस गेले, आणि मग माझं मलाच हसू आलं. तुम्हाला जाऊन सदतीस वर्षं झाली, आता कुणाला भ्यायचं? तरीही हे लिहिताना मी खुर्चीत सरळ बसले आहे, पदर नीट केला आहे. आपल्या घरातल्या लेकराला दूध सोसत नाही असं तुमच्यापुढे कुणी बोललं असतं, तर तुम्ही आधी हसला असता. मग जरा गंभीर होऊन विचारलं असतं, "उकळलं व्हतं का बराबर?" आणि मग, घरातली एखादी लाजिरवाणी गोष्ट काढावी तसा आवाज खाली आणून, "का पिशवीचं देता तिला?"

हो दादा, आधी पिशवीचंच देत होतो. हिंगोलीत आता बहुतेकांच्या दारात सकाळी पिशवीच येते. पोर सात वर्षांची आहे, तुमच्यासारखी लांब मानेची, आणि बोलायला कुणाला न भिणारी. दूध प्यायलं की शाळेच्या रिक्षात बसेपर्यंत तिचं पोट दुखायला लागायचं. माझा मुलगा म्हणायचा, शाळा चुकवायचे बहाणे आहेत. मला मात्र लगेच उत्तर सापडलं, की दोष पिशवीचा आहे. औंढ्याच्या रस्त्याला एकाकडे दोन गाई आहेत असं शेजारणीकडून कळलं आणि मी त्याच्याकडून रोजचं दूध लावलं. स्वतः तापवलं, साय काढली, चिमूटभर हळद घातली आणि पेला तिच्यापुढे धरला. चौथ्या दिवशी तिने तो हातानेच मागे सारला. "आजी, नको. पोट दुखतं." आणि माझ्या तोंडून निघालं, "दुधानं कधी पोट दुखत असतं व्हय? पी, माय, पी."

मी हिंगोलीच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, घरात कधी 'व्हय' म्हणत नाही. ते वाक्य तुमचं होतं. पोरीने माझ्याकडे रोखून बघितलं आणि म्हणाली, "तुला काय माहीत? तू तर पीतच नाहीस. तू काळा चहा पितेस." ओट्यापाशी उभ्या असलेल्या सुनेने पाठ फिरवून हसू लपवलं. मला हसता आलं नाही. मी तो पेला हातात घेऊन उभी राहिले आणि मला एकदम माझ्या बोर्डिंगच्या भेटीच्या खोलीतला बाक आठवला, पायाखालची लाल फरशी आठवली, आणि माझ्यासमोर उकिडवे बसलेले तुम्ही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला लहान मुलांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे माझी विद्यार्थिनी शोभेल अशी एक तरुण मुलगी. तिने सगळं ऐकून घेतलं, पोरीचं पोट चाचपलं, काय काय खातेस विचारलं. मग माझ्याकडे वळली, कारण गाईच्या दुधाची बाजू मांडायला मीच पुढे होऊन बसले होते. "आजी, गाईचं दूध वाईट नाही," ती म्हणाली. "ज्याला पचतं त्याला चांगलंच आहे. पण काही जणांचं अगदी लहानपण सरलं, की दुधातली साखर पचवायची ताकद कमी व्हायला लागते. मग पोट फुगतं, कळा येतात, जुलाब होतात. गाईचं घ्या, म्हशीचं घ्या, पिशवीचं घ्या, साखर तीच. थोडे दिवस बंद करून बघू. दही, ताक बहुतेकांना चालतं. चहातलं चमचाभर दूधसुद्धा चालून जातं." मी विचारलं, "पण दोन-तीन वर्षांची असताना तर ही गटागटा प्यायची." डॉक्टर म्हणाली, "तसंच असतं ते. म्हणून तर घरच्यांना खरं वाटत नाही." मग कागदावर लिहिता लिहिता तिने सहज विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास?"

सून म्हणाली, "नाही, कुणालाच नाही."

आणि मी म्हणाले, "मला आहे."

सून माझ्याकडे बघतच राहिली. "आई, तुम्ही तर म्हणायचात, आवडत नाही."

आवडत नाही. पन्नास वर्षं मी हेच म्हणत आले, दादा. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंना म्हणाले, बाळंतपणात सुईणीला म्हणाले, तुमच्या जावयालाही शेवटपर्यंत हेच सांगितलं. कधी कधी मनाशी म्हणायचे, माझा कोठाच हलका. दूध दोषी असू शकतं हा विचार मी स्वतःलासुद्धा पूर्ण करू दिला नाही. तो डॉक्टरच्या खोलीत, भिंतीवर चिकटवलेल्या हत्ती-जिराफांच्या चित्रांखाली, पहिल्यांदा पूर्ण झाला.

कसा करू दिला असता? आपलं गाव तुम्हाला माहीत आहे, पण मी शहरातल्या लोकांना सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही. आपल्या गावात दूध विकत नाहीत. कुणीच नाही. गोठ्यात एक गाय असो की दहा, घरचं भागलं की उरलेलं ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे पोचतं, त्यातूनही उरलं तर विरजण लागतं. बाळापूरचा एक हॉटेलवाला एकदा सायकलला दोन रिकामे कॅन लटकवून आपल्या ओसरीवर आला होता, आठवतं? मी पाच-सहा वर्षांची असेन. तो आर्जव करत होता, आणि तुम्ही त्याला बसवलंत, आईला हाक मारून तांब्याभर दूध आणायला लावलंत, तो पिऊन होईपर्यंत वाट बघितलीत, आणि मग म्हणालात, "गाय आपली माय हाय. मायचं दूध कुनी इकतं का? तुमाला पायजे तवा या, पिऊन जा. नेयाचं नाव काढू नका." तो बिचारा ओठांवरची पांढरी मिशी पुसत निघून गेला. आईने आतून म्हटलं, "त्याच्या सायकलीला बी पाजायचं व्हतं." तुम्ही कितीतरी वेळ हसत होतात.

जे विकता येत नाही ते नाकारताही येत नाही, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नव्हतं. दाराशी आलेल्या माणसाने दूध नको म्हटलं तर ते दूध नको नसायचं, ते घर नको असायचं. आणि तुमचा विश्वास तर त्याहून पुढचा. सर्दी झाली, दूध. हाड दुखावलं, दूध. परीक्षेत आकडे डोक्यात राहत नाहीत, दूध. आपली ती लाल कंधारी गाय, जेमतेम चरवीभर देणारी, तिच्या दुधाबद्दल तुम्ही असं बोलायचात जसं दुसरे लोक डॉक्टरबद्दल बोलतात.

मग आई गेली. नांदेडच्या सिस्टर लोकांच्या दवाखान्यात ती शेवटचे दोन महिने होती. त्यांचीच शाळा आणि मुलींचं बोर्डिंग पलीकडे होतं. आईने तिथल्या एका सिस्टरचा हात धरून माझ्याकडे बोट दाखवलं होतं, "हिला शिकवा." तुम्ही ते ऐकलं होतंत. लोक म्हणाले, बाईमाणसाविना घर, पोरगी कामाला येईल, कशाला धाडता. जूनमध्ये मला नवीन ट्रंक घेऊन दिलीत, तिच्या झाकणाच्या आत आईचं लुगडं घडी करून ठेवलंत, आणि वारंगा फाट्याहून एसटीत बसवलंत. मला शाळा आवडली, दादा. मला कुणी असं विचारत नाही, पण मला ती पहिल्या आठवड्यापासून आवडली. काचेच्या कपाटातली पुस्तकं आवडली. घरी स्वयंपाकघरात गेलं की आई नसायची, तिथे मात्र ती कधी नव्हतीच. नऊ वर्षांच्या मुलीला एवढा फरक पुरतो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी भेटीचा दिवस. तुम्ही पहाटे धार काढायचात, गोवऱ्यांवर दूध स्वतः तापवायचात, पितळी चरवीत ओतून तोंडाला ओलं फडकं बांधायचात. मग फाट्यापर्यंत पायी, तिथून एसटी, आणि सगळ्या वाटेत चरवी मांडीवर. फाटकातून तुम्ही आत आलात की मुली ओरडायच्या, "दूधवाले अंकल आ गये!" तुम्हाला ते खपायचं नाही. "पोरींनो, दूधवाला दूध इकतो. मी देतो." त्यांना यातलं काहीही कळायचं नाही, त्या पेले घेऊन रांग लावायच्या. पण आधी माझा पेला. घरचाच तो पितळी पेला, खास माझ्यासाठी आणलेला, काठोकाठ. मी बाकावर बसायची, तुम्ही समोर उकिडवे, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी घोट घ्यायची आणि तुमचा कंठमणी माझ्याबरोबर हलायचा. महिनाभराचं जे काही तुम्हाला बोलता येत नव्हतं ते त्या पेल्यात असायचं. शेवटचा घोट संपला की तुम्ही धोतराच्या सोग्याने माझं तोंड पुसायचात, आणि मग तुमचा चेहरा असा सैल व्हायचा की मला वाटायचं, आणखी एक पेला मागावा.

संध्याकाळी कळा सुरू व्हायच्या. पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, मग आजारी मुलींच्या खोलीत रात्रभर चकरा. सोमवारी दुपारपर्यंत मी पांढरीफटक. असं एकदा झालं, दोनदा झालं, सहादा झालं. बोर्डिंगच्या सिस्टरने हिशेब जुळवला, आणि तो तिच्या बाजूने अगदी बरोबर होता. ती केरळची होती, तिचं हिंदी गाण्यासारखं चढायचं-उतरायचं. पुढच्या भेटीच्या रविवारी तिने तुम्हाला थांबवून घेतलं. तुम्हीच आधी विचारलंत, आपल्या निजामाच्या वेळच्या हिंदीत, "सिस्टर, बच्ची घडीघडी बिमार कायको पडती?"

"बापूजी, महिना भर ठीक रहती है. आप आते हो, उसी शाम को बीमार. घर की याद है ये. आप जाते हो, इस से सहा नहीं जाता." तिने माझ्याकडे बोट केलं. "या तो घर ले जाओ, या थोडा कम आओ."

तुम्ही चरवीकडे बघितलंत. ती रिकामी होती, फडकं हातात होतं, तुम्ही ते पिळत होतात, त्यातून पाणी निघत नव्हतं तरी. मग माझ्याजवळ येऊन पुन्हा तसेच उकिडवे बसलात.

"नेऊ का घरी, माय?"

"नको. शाळा पायजे."

"काहून दुखतं मग? माझी याद येती का?"

मला माहीत होतं, दादा. नीट नाही, मोठ्या माणसाला कळतं तसं नाही, पण पेला ओठांना लागला की पोटात काहीतरी सावध व्हायचं, तेवढं माहीत होतं. 'दूध' हा एक शब्द बोलायचा होता. पण तुमच्या हातातलं ते फडकं मी बघत होते. पहाटे तीनला उठलेला माणूस, ज्याच्या गावात दुधाचं काही वाईट होऊ शकत नाही, त्याला मी काय सांगणार होते, की तुमचं दूध मला बाधतं? मला वाटलं, तुम्ही तिथेच मोडून पडाल. म्हणून मी त्या फडक्याकडेच बघत राहिले.

तुम्ही विचारलंत, "मंग येनं कमी करू का?"

आणि मी मान हलवली. हो म्हणून.

तुम्ही माझं तोंड पुसलंत, पुसायला काही नव्हतं तरी. त्यानंतर पहिल्या रविवारी तुम्ही आला नाहीत. दुसऱ्या महिन्यातही नाही. आणि मी ठणठणीत राहिले. सिस्टर मला जवळ घेऊन म्हणाली, "देखो, कितनी स्ट्राँग गर्ल हो गयी." सगळ्यांचा समज पक्का झाला. तुमचाही झाला असणार, कारण तिने तुम्हाला पोस्टकार्ड लिहिलं होतं, आणि ते मराठीत लिहून द्यायला मलाच बसवलं होतं. 'मुलगी आता चांगली आहे, आजारी पडत नाही.' माझ्या सगळ्यात सुंदर अक्षरात लिहिलं मी ते.

सुट्टीत घरी आले की पंचाईत असायची, पण घरी तुम्ही समोर बसून राहू शकत नव्हतात, गोठ्यात काम असायचं. मी अर्धा पेला वासराच्या बादलीत ओतायची. उरलेलं विरजणाच्या भांड्यात. ताक मात्र तांब्याने प्यायची, ते कधी बाधलं नाही, आणि तुम्हाला वाटायचं, लेकरू घरचं खाऊन-पिऊन कसं खुललंय. एका उन्हाळ्यात तुम्ही शेजारच्या काकींना कौतुकाने दाखवत होतात, "यंदाचं वासरू बघा कसं भरलंय!" मी आत तोंडात ओढणी कोंबून हसले होते. आता वाटतं, ते वासरू आपल्या दोघांमधली एकमेव खरी गोष्ट जाणत होतं.

पण सगळ्यात अवघड गोष्ट अजून राहिलीच आहे. तुम्ही येणं थांबवल्यावर तिसऱ्या की चौथ्या महिन्यातली ती गोष्ट. रविवारी चारला आम्हाला चहा मिळायचा, पावडरीच्या दुधाचा, पातळ, भुरकट. त्या दिवशी मी पहिला घोट घेतला. चहा दाट होता, आणि त्याला धुराचा वास होता. गोवरीच्या धुराचा. दुसऱ्या मुलींनी नाकं मुरडली, एक म्हणाली, दूध जल गया. मी कप ठेवून वरच्या खोलीत पळाले, तिथल्या खिडकीतून फाटक दिसायचं. फाटकाबाहेर रस्त्याच्या पलीकडे भिंतीवर सिनेमाचं पोस्टर होतं, आणि त्या पोस्टरकडे तोंड करून तुम्ही उभे होतात. तुम्ही आणि सिनेमा! खिडकीतून कुणाला तुमचा चेहरा दिसू नये म्हणून माझ्या बापाने एका नटीकडे बघत उभं राहायचं. थोड्या वेळाने फाटकावरच्या चौकीदार चाचांनी चरवी आणून दिली, ती तुम्ही पालथी करून झटकलीत, काखेत घेतलीत आणि मागे न बघता स्टँडकडे चालू लागलात.

मला हाक मारता आली असती. खिडकी उघडी होती. मी दोन्ही हातांनी पोट धरून उभी राहिले. हाक मारली तर तुम्ही आत याल, आत आलात तर पेला निघेल, हेच माझ्या डोक्यात होतं. खाली येऊन मी तो चहा पूर्ण प्यायले. तेवढ्याने काही झालं नाही. डॉक्टर म्हणाली ते खरं आहे, चहातलं चालून जातं.

शाळा सोडून निघाले त्या दिवशी चाचांनी मला ट्रंकेसह रिक्षात बसवलं आणि मग राहवेना म्हणून म्हणाले, "बेटा, तुम्हारे वालिद आते थे. हर दूसरे-तीसरे महिने. बोलते, बच्चियों की चाय में डालो, मेरी वाली को मत बोलो, बिमार पड जाती." त्यांना वाटलं, मला हे नवीन आहे. मी त्यांना तसंच वाटू दिलं. धुराचा चहा सहा वर्षं येत राहिला, दादा, आणि प्रत्येक वेळी मला पहिल्या घोटालाच कळायचं.

मला वसमतला पहिली नोकरी लागली त्याच वर्षी तुम्ही अंथरूण धरलंत. मी रजा काढून आले. तुम्हाला काही गिळवत नव्हतं, मी चमच्याने दूध घालत होते, अर्धं ओठांच्या कडेने यायचं आणि मी ते पदराने पुसायची, तुम्ही माझं पुसायचात तसं. एका दुपारी तुम्ही चमचा थांबवलात. "तू घेतलं का?"

"घेतलं, दादा."

"आता दुखत न्हाई न्हा?"

"न्हाई."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं होतं, तेवढ्यावर भागलं. पण तेराव्याला शेजारच्या काकी माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "लई जीव व्हता बाई त्यांचा तुझ्यावर. म्हनायचे, माझीच नजर लागती माझ्या लेकराला. मी तिथं समोर गेलो की पडतंय आजारी. म्हनून समोर जात न्हाई म्हने मी, बाहीरूनच माघारी येतो."

नजर. तुम्ही इतकी वर्षं त्या पोस्टरकडे तोंड करून उभे राहिलात, ते लोकांनी बघू नये म्हणून नव्हे, तुमची नजर माझ्यावर पडू नये म्हणून. आणि माझ्याकडे तो शब्द होता. सहा वर्षं होता, नंतरही होता, तुमच्या उशाशी बसले होते तेव्हासुद्धा होता. ती तुमची नजर नव्हती, दादा. दुधातली साखर होती. एवढंच होतं. तुम्ही समोर बसून कितीही वेळ बघितलं असतंत तरी मला काही झालं नसतं. पेल्यात ताक आणलं असतंत तर आपण दोघं दर महिन्याला त्या बाकावर बसलो असतो.

दूध चांगलं की वाईट, हे मला कुणी विचारलं तर मी आता डॉक्टरसारखंच सांगते, ज्याला पचतं त्याला चांगलं. यात कुणाचा अपमान नाही. तुमच्या गाईचा नाही, गावाचा नाही. पणतीला परवा मी स्वतः ताक घुसळून दिलं, जिऱ्याची पूड घालून. तिने ओठांवर पांढरी मिशी काढून मला दाखवली. मग तिने विचारलं, "आजी, तुला पण दुखायचं ना? मग तू सांगितलं का नाहीस?" मी म्हणाले, "भीती वाटली." "मारायचे तुझे बाबा?" मी म्हणाले, "नाही गं. कधीच नाही." तिला काही कळेना. सात वर्षांच्या मुलीला ते कळत नाही याचं मला इतकं बरं वाटलं.

हे पत्र घडी करून मी चरवीत ठेवणार आहे. ती कपाटावर असते, सून दर दिवाळीला चिंच लावून घासते, रिकामी का ठेवता म्हणून विचारतही नाही.

एक सांगायचं राहिलं. औंढ्याच्या रस्त्यावरच्या त्या माणसाला दूध बंद करा म्हणायची मला अजून लाज वाटते आहे, त्यामुळे आजही सकाळी तो दूध घालून गेला. बाकीच्याचं विरजण लावलं. एक पेला मात्र काढून ठेवला होता, तो मघाशी, जेवण झाल्यावर, बाकावर बसल्यासारखी खुर्चीत सरळ बसून मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. पदर नीट केला होता तो त्यासाठीच. समोरच्या जागेकडे बघत राहिले. आता चार वाजत आले आहेत आणि पोट फुगून राहिलंय, कळा येऊन राहिल्यात, अक्षर बघा कसं वाकडं झालंय. पाचला सून येईल, माझं तोंड बघून विचारेल, आई, काय झालं? मी सांगणार आहे, दादांची याद आली.